उंबर लावून का लागत नाही: बी, फांदी आणि पहिला उन्हाळा

"उंबर लावून येत नाही, तो आपला आपण येतो." गावोगाव ऐकू येणारं हे वाक्य अर्धं खरं आहे. विहिरीच्या कठड्यात, देवळाच्या भिंतीत, ओढ्याच्या काठावर उंबर कुणी न लावता वाढतो, आणि कुंडीत हौसेने पेरलं की महिनाभर काही दिसत नाही. पण यात दैवी काही नाही. पाखराच्या किंवा वाघळाच्या पोटातून गेलेलं बी गर धुऊन निघालेलं असतं आणि ओल्या फटीत, उजेडात, उघड्यावर पडतं. आपण तेच बी कच्च्या फळातून काढतो, उन्हात कडक वाळवतो आणि बोटभर मातीखाली गाडतो. बी न उगवण्याच्या बहुतेक तक्रारी या तीन चुकांतच निघतात. उगवल्यानंतर मरण्याच्या तक्रारी जवळजवळ सगळ्या पाण्याच्या असतात.

लक्षणं

आपली तक्रार यातली कोणती, ते आधी ठरवा:

- पेरून महिना झाला, एकही कोंब नाही.
- तिळाएवढी रोपं आली आणि चार दिवसांत देठापाशी बारीक होऊन आडवी पडली.
- फांदी लावली, पंधरा दिवसांत पालवी फुटली, दीड महिन्यात सगळी काळी पडली.
- भिंतीतून उपटून आणलेल्या रोपाने आठवड्यात मान टाकली.
- जमिनीतलं रोप पावसाळाभर वाढलं आणि पुढे पानं गळून नुसती काठी उरली.
- पानांवर पुटकुळ्यांसारख्या गाठी आल्या.
- खोडाच्या भोकातून भुसा पडतो.
- झाडाला उंबरं लागतात, पण कच्चीच गळून जातात.
- जुनं झाड, पार बांधल्यावर काही वर्षांनी शेंड्याकडून वाळत चाललंय.

पुढच्या तपासण्या फुकटच्या आणि सोप्या आधी, खर्चाच्या आणि कष्टाच्या नंतर, अशा क्रमाने आहेत. क्रम मोडू नका. बुरशीनाशक आणल्यावर कळतं की रोप मेलेलं नव्हतंच, असं फार वेळा होतं.

नखाने खरवडून पाहा

काठी झालेल्या रोपाची साल शेंड्याकडे नखाने जराशी खरवडा. आत हिरवं आणि ओलसर दिसलं, थोडा पांढरा चीक आला, तर रोप जिवंत आहे. तपकिरी आणि कोरडं असेल तर वीतभर खाली खरवडा, मग आणखी खाली, थेट मातीपर्यंत. उंबर पानगळीचा आहे. हिवाळा संपता संपता तो काही दिवस उघडा पडतो आणि लगेच नवी तांबूस पालवी धरतो. त्या उघड्या दिवसांत घाबरून रोज बादलीभर पाणी ओतलं की मुळं कुजतात आणि मग ते खरंच मरतं. वरचा भाग वाळून खालचा हिरवा असेल तर हिरव्याच्या बोटभर वर तिरका छाट द्या आणि गप्प बसा. बुंध्यापासून फुटवा येतो.

तो उंबरच आहे ना?

रानातून किंवा भिंतीतून आणलेल्या रोपांबाबत हा घोळ नेहमीचा. उंबराची पानं एकाआड एक येतात, दोन्ही बाजूंनी बऱ्यापैकी गुळगुळीत असतात, टोकाकडे निमुळती होतात आणि देठापाशी तीन ठळक शिरा निघतात. पानं समोरासमोर जोडीने आली असतील, हाताला खरखरीत लागत असतील आणि कोवळी काडी मोडल्यावर पोकळ निघाली, तर तो बोखाडा, म्हणजे काही भागांत ज्याला काळा उंबर किंवा भुईउंबर म्हणतात तो. एकाआड एक पण काचकागदासारखी खरखरीत पानं असतील तर खरवत. पिंपळाच्या पानाला लांब शेपटी असते, ती कोवळ्या रोपातही ओळखू येते.

ही तपासणी आधी यासाठी की बोखाडा लहानखुरं झाड राहतो. त्याला खतपाणी घालून "अजून मोठा का होत नाही" असं विचारण्यात अर्थ नाही. कृत्तिका नक्षत्राचं झाड म्हणून किंवा दत्तमंदिरासाठी रोप विकत घेताना तर पान हातात धरूनच घ्या.

फळ कोणतं घेतलं?

बी न उगवण्याचं पहिलं कारण इथे सापडतं, म्हणून जरा थांबून.

फार क्वचित दिसणाऱ्या माणसाला आपण "उंबराचं फूल" म्हणतो. खरं तर झाडावर फुलं रगड असतात, फक्त ती फळाच्या आत असतात. आपण ज्याला फळ म्हणतो तो फुलांचा आत वळलेला, तोंड मिटलेला गोळा आहे. टोकाला खवल्यांनी झाकलेलं एक बारीक छिद्र असतं. सेराटोसोलेन गटातली डासापेक्षाही लहान गांधीलमाशी त्यातून अंग चोरून आत शिरते. शिरताना तिचे पंख तुटतात. आतल्या काही फुलांत ती अंडी घालते आणि दुसऱ्या झाडावरून आणलेले परागकण बाकीच्या फुलांना लावते. अंडी घातलेल्या फुलांत पुढची पिढी वाढते, परागकण मिळालेल्या फुलांत बी धरतं. काही आठवड्यांनी आतले बिनपंखी नर भिंत कुरतडून वाट करतात, माद्या पराग घेऊन त्या वाटेने बाहेर पडतात आणि त्यानंतरच फळ लाल, मऊ, गोड होतं. उंबर फोडल्यावर भुर्रकन उडणारी केंबरं ती हीच. त्यांच्यासोबत बाहेरून लांब सोंडेसारख्या अवयवाने अंडी घालणाऱ्या, परागणाशी संबंध नसलेल्या इतरही माश्या असतात.

याचा पेरणीशी संबंध असा. हिरव्या, टणक फळातलं बी तयार झालेलं नसतं. ते दिसतं बियांसारखंच, पण उगवत नाही. बोटाने नुसतं टेकवलं की देठापासून सुटणारं, लालसर किंवा तांबूस-केशरी, मऊ फळ घ्या. पहाटे झाडाखाली पडलेलं ताजं फळही चालतं. दोन दिवस पडून आंबलेलं, बुरशी धरलेलं नको. एकाच फळावर अवलंबून राहू नका, सहा-सात फळं घ्या, कारण एखाद्या फळात माश्यांनीच बहुतेक फुलं व्यापलेली असतात आणि बी नावापुरतं निघतं.

झाडाखाली पडलेली पाखरांची विष्ठा गोळा करून पेरण्याची युक्ती चांगली आहे, फक्त पाखरू बघा. तांबट, बुलबुल, धनेश आणि वाघळं यांच्या पोटातून बी शाबूत बाहेर पडतं. आपला राज्यपक्षी हरियाल मात्र उंबराचा मोठा गिऱ्हाईक असूनही इथे कामाचा नाही, त्याच्या गिझार्डमध्ये, म्हणजे दाणे दळणाऱ्या पोटात, बी बहुधा भरडून निघतं.

बुडतं बी आणि तरंगतं बी

फळं उभी चिरून चमच्याने गर काढा आणि काचेच्या भांड्यात भरपूर पाण्यात हाताने कुस्करा. दहा मिनिटं स्थिर ठेवा. वर जे तरंगतं ते माश्यांनी पोकळ केलेलं, रिकाम्या फुलांचं चोथाट. खाली बसतात ते पिवळसर, मिलिमीटरभर आकाराचे टणक दाणे. तेच बी. वरचं पाणी हळूच ओतून द्या, परत भरा, परत ओता. तीन-चार वेळा केल्यावर तळाशी स्वच्छ बी उरतं. चहाच्या गाळणीतून बरंच बी निसटतं, मलमलीचा फडका वापरा.

नुसत्या डोळ्यांनी पोकळ आणि भरीव दाणा सारखाच दिसतो, म्हणून ही पाण्याची परीक्षा चुकवू नका. गरासकट पेरलं तर दुहेरी नुकसान: पेरणीत निम्मा माल पोकळ आणि गोड गरावर दोन दिवसांत बुरशी.

बी सावलीत वर्तमानपत्रावर अर्धा दिवस सुकवा. ऊन नको, पंखाही नको. आठवडाभरात पेरून टाका. पुढच्या वर्षासाठी डबीत भरून ठेवू नका, ताज्या बियाण्याइतकी उगवण मग मिळत नाही आणि उंबर वर्षातून अनेकदा फळतो, तेव्हा साठवण्याची गरजही नाही.

किती खोल पेरलं?

उत्तर: शून्य. उंबराच्या बियाला उगवायला उजेड लागतो आणि पोटात साठा इतका थोडा असतो की अर्धा सेंटिमीटर मातीही फोडून वर येणं त्याला जमत नाही.

पसरट ट्रे किंवा तळाला भोकं पाडलेला मिठाईचा डबा घ्या. दोन भाग कोकोपीट आणि एक भाग धुतलेली बारीक वाळू हे मिश्रण चाळून भरा, हलक्या हाताने सपाट करा. शेणखत या टप्प्यावर नको, त्याने बुरशी आणि शेवाळ वाढतं. ट्रे पाण्याच्या परातीत ठेवून खालून पाणी शोषू द्या. माथा ओला झाला की बाहेर काढा. चिमूटभर बी दोन चमचे कोरड्या वाळूत मिसळून एकसारखं भुरभुरवा. वरून काही टाकायचं नाही. पारदर्शक झाकण किंवा काच ठेवा आणि ट्रे थेट ऊन न लागणाऱ्या पण लख्ख उजेडाच्या जागी ठेवा. खोलीचं तापमान पंचवीस ते तीस अंश असेल तर दोन ते चार आठवड्यांत कोंब दिसतात. डिसेंबर-जानेवारीत घाटावरच्या थंडीत जास्त वाट पाहावी लागते. सहा-आठ आठवडे ट्रे फेकू नका.

झारीने वरून पाणी घातलं की बी एका कोपऱ्यात वाहून जातं. फवारा किंवा परातीतलं पाणी, एवढंच.

सगळं नीट करूनही ट्रे रिकामा राहिला तर मुंग्या बघा. त्या रात्रीत बी उचलून नेतात. ट्रे विटेवर आणि वीट पाण्याच्या ताटलीत, झाला बंदोबस्त.

रोपं आडवी पडत असतील तर

ही मर. देठ मातीलगत पाण्याने भरल्यासारखा होऊन दोऱ्याएवढा बारीक होतो. कारण जवळजवळ नेहमी एकच: झाकण तसंच ठेवलेलं आणि माथा सतत चिंब. कोंब दिसू लागताच झाकण रोज तासभर, मग चार तास, आठवड्याने पूर्ण काढायचं असतं.

पहिला उपाय फुकटचा: झाकण काढा, हवा खेळू द्या, पडलेली रोपं चिमट्याने उचलून टाका, माथा हलका कोरडा झाल्यावरच खालून पाणी द्या. एवढ्याने थांबलं नाही तर कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला अडीच ग्रॅम या प्रमाणात फवारून माथा भिजवा. ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी वापरायची असेल तर त्याच आठवड्यात नको, तांबं तिलाही मारतं.

चार-पाच खरी पानं आली की चार बाय सहा इंचाच्या पिशवीत एकेक रोप हलवा. देठाला धरू नका, पानाला धरा. पान तुटलं तर दुसरं येतं, देठ चेंगरला तर रोप गेलं.

फांदी फुटते आणि मग मरते

पालवी फुटली म्हणजे फांदी लागली, हा सगळ्यात महाग पडणारा समज. ती पालवी फांदीतल्या साठ्यावर येते. खाली मूळ नसेल तर साठा संपताच सगळं काळवंडतं. आणि "मूळ आलं का" म्हणून उपटून पाहिलं तर आलेली चार मुळंही तुटतात.

वडाची फांदी खोचली की लागते, म्हणून उंबराकडूनही तीच अपेक्षा केली जाते. उंबराला वडासारख्या पारंब्या नसतात आणि फांदीला मूळ धरायला तो त्याच्याइतका तयारही नसतो. तरी छाट कलम करायचंच असेल तर नवी पालवी फुटण्याआधी किंवा जूनच्या पहिल्या पावसानंतर करा. पेन्सिल ते अंगठ्याएवढी जाड, वीतभर किंवा थोडी जास्त लांब, तीन-चार डोळ्यांची (फुटवा येण्याच्या जागांची) फांदी घ्या. खालचा छाट डोळ्याच्या लगेच खाली तिरका, वरचा सरळ. हा फरक शोभेसाठी नाही: तासाभराने वीस काड्या हातात असताना शेंडा कुठला नि बूड कुठलं हे कळत नाही आणि उलटी लावलेली काडी मरते. छाट दिल्यावर चीक भळभळतो. तो सुकला की रबरासारखा थर बसतो आणि पाणी वर जात नाही. म्हणून काड्या पंधरा-वीस मिनिटं पाण्याच्या बादलीत उभ्या ठेवा, पुसा, तासभर सावलीत सुकू द्या. मग कडक फांद्यांसाठी मिळणारी आयबीए (मूळ फुटायला मदत करणारं संप्रेरक) पावडर लावून ओलसर वाळूत दोन डोळे आत जातील अशा खोचा. वरची पानं काढून टाका.

आमचा कौल मात्र गुटीला, म्हणजे फांदी झाडावर असतानाच तिला मुळं फोडण्याला. जून ते ऑगस्टमध्ये वर्षभराची, अंगठ्याएवढी फांदी निवडा. शेंड्यापासून हातभर मागे अडीच-तीन सेंटिमीटर रुंदीची साल चौफेर काढा. खालचा बुळबुळीत थर सुरीच्या पाठीने खरवडा, तो राहिला तर साल परत जुळते आणि मूळ येत नाही. चीक थांबेपर्यंत ओल्या फडक्याने पुसा. वरच्या कडेला आयबीए लावा, खालच्या कडेला नको, कारण मुळं वरच्याच कडेतून येतात. भिजवून पिळलेलं मूठभर स्फॅग्नम मॉस (गुटीसाठी मिळणारं सुकं शेवाळ) गुंडाळा, त्यावर पारदर्शक प्लास्टिक, दोन्ही टोकं सुतळीने घट्ट. दीड-दोन महिन्यांत प्लास्टिकमधून मुळं दिसतात. पांढरी मुळं तपकिरी होऊ लागली की खालून अर्धा छेद, आठवड्याने पूर्ण छेद. निम्मी पानं छाटून पिशवीत लावा आणि तीन-चार आठवडे सावलीत ठेवा.

गुटीच्या आणि छाटाच्या रोपाला सोटमूळ नसतं. देवळाच्या अंगणात उंबर हवा असेल तर हरकत नाही. वाऱ्याच्या माळावर किंवा पाणी न देता वाढणारं झाड हवं असेल तर बियाचंच रोप लावा.

भिंतीतलं रोप

पावसाच्या झडीत, भिंत भिजलेली असताना काढा. ओढू नका, फटीतला चुना खिळ्याने मोकळा करत मूळ सोडवा. निघालेलं मूळ लगेच ओल्या गोणपाटात. पानं निम्मी छाटा, पिशवीत लावून पंधरा दिवस दाट सावलीत ठेवा. उन्हाळ्यात काढलेलं जगत नाही, तेव्हा जूनपर्यंत त्याला तिथेच राहू द्या. हातभराहून उंच झालं असेल तर नाद सोडा, मुळाचा मोठा भाग भिंतीतच राहतो.

जमिनीतलं रोप पहिल्या उन्हाळ्यात जात असेल तर

उंबर ओढ्याकाठचा रहिवासी. प्राचीन ज्योतिषी वराहमिहिराने भूजलाच्या खुणांत तो मोजला आहे आणि आजही विहिरीची जागा दाखवणारे आधी उंबर कुठे आहे ते पाहतात. मोठा उंबर भर उन्हात हिरवागार असतो तो खोल मुळांच्या जोरावर. दोन वर्षांच्या रोपाकडे ती मुळं नसतात. लोक झाडाची चिवटाई रोपात गृहीत धरतात, तिथे फसतं.

आधी पाण्याची पद्धत तपासा. बुंध्यापासून वीतभर अंतरावर खुरप्याने वीतभर खोल उकरा, तिथली माती मुठीत दाबा. ढेकूळ झालं तर ओल आहे, भुगा झाला तर नाही. रोज तांब्याभर पाणी घालणाऱ्यांच्या आळ्यात वरची दोन बोटं माती ओली आणि खाली कोरडी ठणठणीत असते. मग मुळंही वरच राहतात आणि एप्रिलच्या उन्हात भाजतात. आठवड्यातून दोनदा दहा-दहा लिटर, दुसऱ्या उन्हाळ्यात आठवड्याला एकदा वीस लिटर, सावकाश मुरेल असं द्या. आळं दोन-तीन फूट रुंद करा, त्यावर चार बोटं पालापाचोळ्याचं आच्छादन, बुंध्याला न चिकटवता. काळ्या जमिनीत भेगा पडल्या की त्या लहान मुळं तोडतात, तेव्हा भेग दिसली की मातीने बुजवा.

पाणी बरोबर असूनही रोप खुरटलेलं असेल तर मुळं पिशवीत वळलेली असण्याची शक्यता मोठी. पिशवीत दोन वर्षं काढलेल्या रोपाचं सोटमूळ तळाशी जिलबीसारखं फिरतं आणि जमिनीत गेल्यावरही फिरतच राहतं. लावतानाच पिशवी उभी चिरून पाहा, वळलेला भाग धारदार कात्रीने कापून टाका. खड्डा दोन फूट लांब, रुंद, खोल. त्यात एक-दोन घमेली पूर्ण कुजलेलं शेणखत. कच्चं शेण वाळवी आणि हुमणीला आमंत्रण देतं. रोप पिशवीत जितकं खोल होतं तितकंच जमिनीत.

शेळ्यांना हा पाला फार आवडतो. कुंपण नसेल तर वरचं सगळं करू नका, श्रम वाया जातील.

पानावर गाठी, खोडात भुसा, गळती

पानांवरच्या हिरव्या-तांबूस गाठी सिलिड नावाच्या बारीक किडीमुळे येतात. उंबरावर त्या इतक्या सर्रास असतात की झाड ओळखायची खूण म्हणून वापरता येतात. मोठ्या झाडाला काही करू नका. लहान रोपाची फार गाठाळलेली पानं खुडून लांब टाका.

खोडाच्या भोकातून ओला भुसा येणं मात्र गंभीर आहे. ही भिरूड, आंब्याला पोखरते तीच. भोक साफ करा, सायकलची जुनी तार आत सरकवून अळी टोचून किंवा ओढून काढा, मग भोक चिखलाने लिंपा. दोन दिवसांनी पाहा. लिंपण फोडून ताजा भुसा आला तर अळी अजून आत आहे. भोकात औषध सोडायची वेळ आली तर कोणतं आणि किती, हे सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचा कृषी सहायक) विचारून. या झाडाची फळं माणसं आणि पाखरं दोघंही खातात.

कच्ची उंबरं गळण्याचं मुख्य कारण परागण न होणं. आत माशी शिरली नाही तर झाड ते फळ टाकून देतं. माशी प्रौढपणी जेमतेम एक-दोन दिवस जगते, त्यात मुसळधार पाऊस लागला की बहर जातो. तरुण झाडाचे पहिले बहर असे गळतात, तिथे वाट पाहा. पण "फळात किडे आहेत" म्हणून कोणी झाडावर कीटकनाशक मारत असेल तर गळती तुम्हीच ओढवून घेताय. ते किडे नसतील तर उंबरात बीही नसेल.

झाडाचा उपयोग करताना झालेली इजा

उंबराची साल आयुर्वेदातल्या पंचवल्कलाच्या पाच सालींपैकी एक. नवग्रहांच्या होमात समिधा शुक्राच्या. चीक गालगुंडावर लावायची रीत जुनी आहे. कच्च्या उंबरांची भाजी होते, लाकूड पाण्याखाली टिकतं म्हणून विहिरीच्या कामात वापरत, आणि अंजिराला सूत्रकृमीचा त्रास असेल तिथे उंबराच्या खुंटावर कलम करतात. एवढ्या उपयोगाच्या झाडाला इजाही त्याच प्रमाणात होते. वाळणाऱ्या जुन्या झाडाभोवती एक फेरी मारा.

साल काढलेली दिसली तर ती चौफेर काढली आहे का बघा. एका बाजूची तळहाताएवढी जखम भरते. पूर्ण कडं निघालं असेल तर वरचा भाग जाणारच. उंबराचं पाणी काढण्यासाठी मूळ उकरून, टोक कापून रात्रभर मडक्यात सोडायची पद्धत आहे. उष्णतेवर, गोवरात ते देतात. गोवर झालेल्या मुलाला डॉक्टरकडे न्यायचंच आहे, तेवढं विसरू नका. झाडाच्या बाजूने सांगायचं तर दरवर्षी त्याच बाजूची जाड मुळं तोडली की झाड एका अंगाला कलतं आणि तुटलेल्या टोकातून कूज आत जाते. घेर दोन हातांत मावतो अशा झाडाचं मूळ मुळीच कापू नये.

आणि पार. औदुंबर, नृसिंहवाडी, गाणगापूर इथपासून गल्लीतल्या दत्तमंदिरापर्यंत उंबराभोवती पार असतोच. दगडमातीचा जुना पार पाणी आत जाऊ देई. आता सिमेंट, फरशी, वर टाइल्स, थेट खोडाला टेकवून. बुंध्यावर दीड-दोन फूट भराव पडतो, साल सतत ओली राहून कुजते, मुळांना हवा-पाणी मिळत नाही. झाड लगेच मरत नाही. तीन-चार वर्षांनी शेंडे वाळू लागतात, तेव्हा पाराचा कुणाला संशयही येत नाही. खोडाभोवती किमान मीटरभर फरशी फोडून भराव काढा, खोडाला मुळांचे फाटे फुटतात ती फुगीर जागा उघडी दिसली पाहिजे. दूध, तेल, मिठाचं पाणी बुंध्यात ओतणं बंद. दिवा लावायचा तर खोडापासून हातभर लांब.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

खोडावर किंवा बुंध्यात टणक छत्र्यांसारखी बुरशी आली, खोडावर ठोकल्यावर पोकळ आवाज येतो, पावसाळ्यात झाड कललं आणि एका बाजूची माती फुगली, तर पुढचं काम घरच्या कोयत्याचं नाही. वृक्षतज्ज्ञाला दाखवा आणि तोवर खाली गाडी, पाळणा, मंडप काही नको. वीजतारांजवळची फांदी वीज कंपनीच्या माणसांनीच तोडायची.

घराच्या पायापासून, सेप्टिक टाकीपासून आणि पाण्याच्या टाकीपासून दहा मीटरच्या आत आधीच मोठा उंबर असेल आणि भिंतीला तडे जात असतील, तर आधी स्थापत्य अभियंत्याला तडे दाखवा. झाडच कारण आहे असं गृहीत धरून मुळं तोडली तर झाड पडण्याचा धोका वाढतो. शहरी भागात झाड तोडायचं किंवा छाटायचं तर 1975 च्या झाडांच्या संरक्षण कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. ती स्वतःच्या अंगणातल्या झाडालाही लागते.

रोपवाटिकेत एकामागून एक रोपं मरत असतील आणि कारण वरच्यात बसत नसेल, तर मुळांसकट तीन-चार आजारी रोपं ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात द्या. अर्धमेली द्या. पूर्ण वाळलेल्या रोपावरून रोग सांगता येत नाही.

चीक डोळ्यात गेला तर चोळू नका. वाहत्या स्वच्छ पाण्याने पंधरा मिनिटं डोळा धुवा आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.